दोन नंबरची टाकी

"साहेब, इथे काम करणाऱ्यांना वास येतो की नाही हो?"

मी विचारलं आणि मागून नाझिमाने माझ्या पाठीत आनंदाने गुद्दा घातला. हा प्रश्न तिचाच होता. तिचा आणि श्रेयाचा. कारखान्याच्या फाटकाशीच आम्हा पस्तीस पोरापोरींचे रुमाल नाकावर गेले होते. तेव्हा श्रेया म्हणाली, "दिवसभर कशी राहतात गो ही माणसं इथे? विचार ना साहेबांना. सगळ्यांसमोर विचारलंस तर मानलं तुला." नाझिमा म्हणाली, "मी अम्मीला रोज विचारते. ती म्हणते सवय होते. तू साहेबालाच विचार."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नववीत होते. आठवीपर्यंत वर्गात कुणी नाव विचारलं तरी मी दप्तरात तोंड खुपसायचे. नववीत खो-खोच्या संघात निवड झाली, पहिल्याच सामन्यात मी चार गडी मारले, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नाही. कुणीही काहीही विचारायला सांगावं, मी तयार.

कारखान्याचे मालक पेवेकर साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आमच्या कोंडबंदरात बायका कोळंबी सोलतात, त्या टरफलांचे ढीग पूर्वी खाडीच्या काठाला कुजत पडायचे. पेवेकरांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली. टरफलं आधी ॲसिडच्या टाकीत, मग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत, मग धुवायची, वाळवायची. शेवटी उरतात पांढरे कुरकुरीत पापुद्रे. त्याला काइटिन म्हणतात. त्यापासून औषधाच्या गोळ्या होतात, जखमेवरच्या पट्ट्या होतात. विज्ञानाचे आंब्रे सर आम्हाला तेच दाखवायला घेऊन आले होते.

"वास येतो की नाही?" साहेब म्हणाले. "अगो, वासावरच तर चाललंय आमचं. विश्रामभाऊ, जरा इकडे या."

दोन नंबरच्या, म्हणजे ॲसिडच्या, टाकीमागून बाबा आले. माझे बाबा. गुडघ्यापर्यंत गमबूट, गळ्यात पंचा, डोळे लाल. मला घरी दिसायचे त्यापेक्षा ते तिथे बुटके दिसले.

"ह्यांचं नाक म्हणजे आमचं मशीन," साहेब सांगू लागले. "टाकीतून वाफ जास्त सुटायला लागली की सगळ्यांच्या आधी ह्यांना कळतं. हे ओरडले की वाळवणीवरच्या सहाच्या सहा बायका बाहेर. पाच वर्षांत एकीलाही इजा नाय. काय, विश्रामभाऊ?"

बाबा नुसते मान हलवून हसले. वाळवणीवरून रुकय्याचाचीने, म्हणजे नाझिमाच्या अम्मीने, आमच्याकडे बघून हात केला.

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मानलं तुला म्हटल्यावर माणूस थांबतो थोडाच! मी दुसरा प्रश्न टाकला, तो मात्र माझा स्वतःचा होता. "साहेब, ॲसिडशिवाय नाही का होत हे? सर म्हणाले, टरफलं आंबवली तरी त्यातला चुना सुटतो. ताक आणि गूळ घालून."

वर्ग हसला. आंब्रे सर खोकले. साहेब मात्र हसले नाहीत.

"होत असेल बाय. पण ॲसिडला तीन तास लागतात. तुझ्या ताकाला?"

"सहा-सात दिवस."

"आणि मग कॉस्टिक नकोच?"

"लागेल. पण अगदी थोडं."

साहेब दोन नंबरच्या टाकीकडे बघत राहिले. तिचा पत्रा खालून ॲसिडने खाल्ला होता, ठिगळावर ठिगळ होतं. "बरं. कोपऱ्यात एक मोठं निळं पिंप रिकामं पडलंय. त्यात करून दाखव. जमलं तर दिवाळीनंतर ही टाकी मी बंद करतो, तिच्या जागी पिंपं मांडतो. विश्रामभाऊंना पिंपांवर घेतो. सरांसमोर सांगतो. मग तर झालं?"

मी बाबांकडे बघितलं. ते पंचाने डोळे पुसत होते.

संध्याकाळी घरी आई चुलीपुढे बसली होती. पहाटे चारला ती सोलणीला जायची, दुपारी दोनला यायची. बर्फातल्या कोळंबीने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून फाटलेली असायची. त्यावर खोबरेल लावत ती माझी सगळी हकीकत ऐकत होती.

"साहेबाला असं तोंडावर विचारलंस?" ती म्हणाली.

"हो."

"आणि ते रागावले नाय?"

"नाय! टाकी बंद करतो म्हणाले. आई, बाबांना त्या वाफेत उभं राहावं लागणार नाही."

आईने पुन्हा तेलात बोट बुडवलं. पडवीत बाबा खोकत होते. त्यांचा खोकला सुरू झाला की आम्ही दोघी बोलायच्या थांबायचो आणि तो संपला की पुढचं वाक्य बोलायचो. घरात घड्याळाचे टोले असावेत तसं झालं होतं ते.

मी आधी बाटल्यांत करून बघितलं. आईने सोलणीवरून मूठभर टरफलं आणली, मी ती पाट्यावर ठेचली, गुळाचं पाणी आणि आंबट ताक घातलं, तोंडाला फडकं बांधलं. पहिली बाटली सडली. गूळ कमी पडला होता. दुसरी जमली. पाचव्या दिवशी फडकं सोडलं तर आंबोळीचं पीठ रात्रभर राहिल्यावर जसा वास येतो ना, तस्साच. खाली टरफलं मऊ, कापडासारखी. मी नाचतच बाबांकडे गेले.

"बाबा, वास बघा!"

बाबांनी बाटली नाकाशी धरली. मग माझ्याकडे बघितलं. "तुला कसा वाटतो?"

"आंबोळीच्या पिठासारखा."

"व्हय. तसाच," ते म्हणाले आणि बाटली परत दिली.

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. आई विहिरीवर गेली होती, मी अभ्यास करत होते मागच्या दारी, आणि चुलीवर भात होता. बाबा चुलीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसले होते. करपल्याचा वास मला मागच्या दारी आला. मी धावत आत आले तर पातेल्यातून धूर निघत होता आणि बाबा शांतपणे बसून होते.

"बाबा! भात!"

ते दचकले. "डोळा लागला गो," म्हणाले.

आई आली. तिने पातेलं बघितलं, बाबांकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "दमलेत ते," आणि वरवरचा भात काढून आम्हाला वाढला. बाबांनी खालचा करपलेला घेतला, आणि सगळा खाल्ला. मला वाटलं, बिचारे आमच्यासाठी खातात.

पिंप भरायच्या दिवशी रविवार होता. आंब्रे सर आले, साहेब आले, वाळवणीवरच्या बायकाही काम टाकून जमल्या. साठ किलो ठेचलेली टरफलं, गुळाऐवजी काकवी, आणि रुकय्याचाचीने गावभर फिरून जमवलेलं आंबट ताक.

"मुलीच्या लग्नाला एवढं ताक जमवलं नसतं मी," चाची म्हणाली.

"नाझिमाच्या लग्नाला बिर्याणी लागेल चाची, ताक नको," मी म्हटलं.

"आधी ही सडकी बिर्याणी जमव," नाझिमाने टोला मारला, आणि बाबासुद्धा हसले.

मी सगळ्यांना नियम सांगितले. वर ओलं गोणपाट, त्यावर झाकण. दिवसातून दोनदाच उघडायचं, ढवळायचं आणि वास घ्यायचा. आंबोळीच्या पिठासारखा आला तर ठीक. सडल्याचा यायला लागला तर लगेच बाजूच्या कॅनमधली काकवी आणि ताक ओतायचं, मग ते पुन्हा आंबटावर येतं. आणि कारखान्यात आधीच इतके वास, प्रत्येकाने डोकावून मत दिलं तर घोळ होईल, म्हणून उघडणारा माणूस एकच असावा. ही अट माझीच. कुणी लादली नव्हती.

"विश्रामभाऊच," साहेब म्हणाले. "त्यांच्याशिवाय कोण?"

पहिले तीन दिवस शाळा सुटली की मी धावत जायचे आणि बाबांबरोबर झाकण उघडायचे. सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी आमचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांना निघाला. तीन दिवस मी नसणार. निघायच्या आधी कारखान्यात गेले आणि बाबांच्या हातात एक छोटी डबी दिली. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या पीएच पट्ट्या. आंब्रे सरांनी खास दिल्या होत्या.

"बाबा, रोज एक पट्टी बुडवायची. रंग केशरी आला तर चांगलं. हिरव्याकडे जायला लागला तर काकवी ओतायची. सोपं आहे."

बाबांनी डबी उघडली. पट्ट्यांकडे बराच वेळ बघितलं. मी आजही डोळे मिटले की तो हात दिसतो. त्यांना त्या ठेवून घ्यायच्या होत्या. पण तेवढ्यात साहेब बाहेर आले.

"काय विश्रामभाऊ, आता कागदावर विश्वास?"

बाबांनी डबी मिटली आणि माझ्या हातात परत दिली. "कागद कशाला? नाक हाय ना."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! डबी दप्तरात टाकली आणि मी गाडी पकडायला पळाले.

आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. परत आले ती थेट कारखान्यात, त्याच खो-खोच्या चड्डीत, गुडघे सोललेले. फाटकात बाबा भेटले.

"कसं आहे पिंप?"

"चांगलं हाय."

"वास?"

"आंबोळीच्या पिठासारखा."

मी उडीच मारली.

झाकण उघडायला सगळे पिंपाभोवती गोल जमले होते. साहेब, आंब्रे सर, बायका. नाझिमा आणि श्रेया शाळेतून परस्पर आल्या होत्या. बाबांनी झाकण काढलं, मग गोणपाट ओढलं.

तो वास मी सांगू शकत नाही. सांगायला गेले तरी अंगावर काटा येतो. एखादं मेलेलं जनावर चार दिवस बंद खोलीत ठेवावं तसा. श्रेया किंचाळत मागे पळाली. रुकय्याचाची भिंतीपाशी जाऊन ओकली. सरांनी रुमाल, साहेबांनी शर्टाची बाही, बायकांनी पदर, सगळ्यांचे हात एकदम तोंडावर गेले. माझाही गेला.

एकटे बाबा पिंपावर वाकले होते.

दोन्ही हात पिंपाच्या काठावर. नाक वितीवर. टरफलं मऊ झालीत का हे ते बघत होते, चेहऱ्यावर साधी उत्सुकता, बाजारात पाटीतला मासा बघावा तशी. मग त्यांनी मान वर केली आणि आम्हा सगळ्यांना बघितलं. तोंडावरचे हात बघितले. आणि मग, सगळ्यांच्या नंतर, त्यांनी गळ्यातला पंचा हळूच उचलून नाकाला लावला.

ते दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या पोटाशी झगडत होते.

"झालं?" साहेब बाजूला जाऊन थुंकले आणि म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. "बाय, प्रयत्न चांगला केलास. पण शाळेचं शाळेत बरं. विश्रामभाऊ, हे खड्ड्यात ओता. आणि दोन नंबरला नवीन ठिगळ मारून घ्या, अजून दोन वर्षं जाईल ती."

आंब्रे सर मला म्हणाले, "हर्षाली, पट्ट्यांचे आकडे लिहून ठेवलेस ना? कुठे बिघडलं ते बघू."

"नाही सर," मी म्हटलं. "पट्ट्या वापरल्याच नाहीत."

"का?"

बाबा पिंप कलतं करत होते. त्यांचा हात थांबला.

"मी विसरले," मी म्हटलं.

घरापर्यंत बाबा आणि मी एकत्र चालत आलो. माझे पाय सामन्याने दुखत होते, त्यांचे कशाने कोण जाणे, पण ते माझ्याहून हळू चालत होते. पडवीत पोचल्यावर ते गमबूट काढायला खाली बसले आणि एक बूट काढून तसेच राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही.

"शिमग्याच्या आधीपासून," ते म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं सर्दी हाय. मग सर्दी गेली."

आई दारात उभी होती, ओल्या हातांनी. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली.

"तुला माहीत होतं!"

"भात करपला त्याच्या आधीच कळलं होतं," आई म्हणाली. "मी अंगाला लावायचं तेल बदललं, ह्यांना कळलं नाय. तेव्हाच."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? बोलून येणार हाय का परत?" तिचा आवाज चढलासुद्धा नाही. पहाटे चारपासून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. "नाकावर तर ठेवलंय साहेबाने ह्यांना. नाक नाय म्हटल्यावर कशाला ठेवेल? होडी विकली, समुद्रावर जाता येत नाय खोकल्याने. कुठे जायचं ह्यांनी?"

"बाबा, मग पट्ट्या का परत केल्या? त्या ठेवल्या असत्या तर..."

"ठेवणार होतो," बाबा म्हणाले. "साहेब आले."

एवढंच. मग खोकला आला. आम्ही दोघी थांबलो. संपला तेव्हा ते म्हणाले, "तुझं पिंप माझ्यामुळे गेलं. मला कळतं ते. पण तू असं सांग की पद्धतच चुकली. पोरीचा प्रयोग, चुकतो. तुझं काय जातं त्यात? पुढल्या वर्षी दुसरा कर."

खरं सांगायचं तर, वाटभर माझ्या मनात नेमकं हेच चाललं होतं. सगळी चूक मी माझ्यावर घेणार होते. सरांशी तर एक खोटं आधीच बोलून झालं होतं. दोन दिवस पोरी हसतील, मग विसरतील. टाकी चालू राहील, बाबा तिच्यावर राहतील, घर चालेल. मी तयार होते. मोठं मन केल्यासारखं वाटत होतं मला.

पण त्यांचा दुसरा पाय अजून बुटातच होता, आणि मला एकदम साहेबांचं ते वाक्य आठवलं. हे ओरडले की सहाच्या सहा बायका बाहेर.

"बाबा, दोन नंबरमधून वाफ सुटली तर आता तुम्हाला कसं कळतं?"

"डोळे चुरचुरतात."

"तुमचे डोळे रोजच चुरचुरतात."

त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

"शिमग्यापासून एकदाही ओरडलात?"

"एकदा," ते म्हणाले. मग बुटाकडे बघत, "उशीर झाला होता थोडा. रुकय्याला दोन दिवस नीट श्वास घेता येत नव्हता. मी सांगितलं, दमा असेल."

आई मटकन उंबऱ्यावर बसली. हे तिलाही माहीत नव्हतं. रुकय्याचाची तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एका शेडमध्ये सोलायला शिकलेल्या.

"अहो," आई म्हणाली, "मी तिला आल्याचा काढा नेऊन दिला होता."

बाबांनी दोन्ही हातांत तोंड घेतलं. ते रडत नव्हते. नुसते, कुणी तरी आता उठ म्हणेपर्यंत असंच बसून राहावं, असे बसले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे. आजचा दिवस जाऊ दे. उद्या बोलू. झोपू दे ह्यांना, मलाही झोपू दे, आईलाही. आम्ही तिघंही इतके दमलो होतो की कुणी मला गप्प राहा म्हटलं असतं तर मी राहिले असते.

कुणी म्हटलं नाही. खाली बंदरावर पाच वाजता कारखान्याचा भोंगा वाजला. सहाला दुसरी पाळी सुरू व्हायची, आणि त्या दिवशी बाबा आणि चाची दोन्ही पाळ्यांना होते.

मी उठले. गुडघ्यावरची वाळलेली खपली उठताना फुटली, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नीट निघाला.

"आई, बाबा, मी पेवेकर साहेबांकडे निघाले आहे. पिंपाचं मी काही बोलणार नाही, ते चुकलं तर चुकलं. पण दोन नंबरवर वास ओळखणारं कुणी नाही, हे पाळी सुरू व्हायच्या आत त्यांना आणि चाचीला कळणार. तुम्ही स्वतः सांगणार असाल तर तो बूट काढा, चपला घाला आणि चला माझ्याबरोबर. नाहीतर मी सांगते."